गाडी निघाली, सार

सोमवार, ३० नोव्हेंबर २०१५, सकाळी ११.१०

चेन्नईतल्या एक्काट्टुतांगलच्या माझ्या दुकानात फोन वाजला. पलीकडे पुरवठादाराचा माणूस होता, इरुंगाट्टुकोट्टैच्या गोदामातून. "माल आलाय सार. उद्या सकाळी गाडी सुटते."

ऑर्डर २४ संगणकांची, एका क्लाससाठी. सीपीयू, मॉनिटर आणि यूपीएस मिळून एका संचाचे २२,००० रुपये, एकूण ५,२८,०००. निम्मी रक्कम ऑक्टोबरातच आगाऊ दिली होती. उरलेल्या २,६४,००० चा ७ डिसेंबर तारखेचा चेकही त्याच्याकडे होता. माल दिवाळीआधी मिळायचा होता. दिवाळी १० नोव्हेंबरला होऊन गेली.

दरम्यान कारणं मिळत राहिली. आधी माल दिल्लीत अडकला होता. मग ९ नोव्हेंबरला कमी दाबाचं क्षेत्र पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आलं आणि रस्ते बंद झाले. मग १६ तारखेचा पाऊस. मग ड्रायव्हर गावी गेला. यातली पावसाची कारणं खरी होती, त्यांच्या जोडीनं बाकीचीही खपून गेली.

दुपारी १.००

हवामान खात्याचा इशारा टीव्हीवर होता: बंगालच्या उपसागरात नवं कमी दाबाचं क्षेत्र, उत्तर तामिळनाडूत मुसळधार ते अतिमुसळधार पाऊस. तोवर त्या नोव्हेंबरात चेन्नईत हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडून गेला होता. त्याहून ओला नोव्हेंबर शोधायला १९१८ पर्यंत मागे जावं लागत होतं. इशारा ऐकून कुणी मान वर केली नाही. महिनाभर रोज तोच ऐकत होतो.

दुपारी ४.००

उद्याच्या ७२ खोक्यांसाठी जागा करायला घेतली. दुकान तळमजल्यावर, बारा बाय अठरा फुटांचं. सात फुटांवर पोटमाळा. माळा भरलेला होता, पण रिकाम्या खोक्यांनी. मूळ खोकं आणि आतला थर्माकोल नसेल तर हा पुरवठादार वॉरंटीत माल परत घेत नाही. त्यामुळे विकलेल्या प्रत्येक मॉनिटरचं खोकं वर्षभर सांभाळायचं. हवा वर ठेवलेली, माल खाली.

खाली जमिनीवर ९ यूपीएस पडून होते. सगळे बिघडलेले, मागच्या खेपेतले. 'पिकअप'ला माणूस येणार म्हणून दारालगत काढून ठेवलेले. दिवाळीआधीपासून तिथंच होते.

दुकानात मदतीला असलेला तंबी म्हणाला, "अण्णा, ही रिकामी खोकी बाहेर काढून टाकू का?" मी नको म्हणालो. तेव्हा वॉरंटीतले अकरा मॉनिटर गिऱ्हाइकांकडे होते.

या पुरवठादाराला आगाऊ पैसे द्यायची प्रथा कुठून पडली, तेही सांगायला हवं. २०११ च्या ऑक्टोबरात थायलंडमध्ये अयुत्थया आणि पथुम थानीच्या औद्योगिक वसाहती पाण्याखाली गेल्या. जगातल्या सुमारे ४० टक्के हार्ड डिस्क त्या देशात बनत. वेस्टर्न डिजिटलचा बांग पा-इनचा कारखाना बुडाला, आणि काही दिवसांत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून चेन्नईच्या रिची स्ट्रीटपर्यंत हार्ड डिस्कचे भाव दुपटीवर गेले. सकाळचा भाव संध्याकाळी चालत नसे. "पैसे आधी टाका सार, मगच माल धरून ठेवतो," असं तेव्हा सुरू झालं. थायलंडमधलं पाणी ओसरलं, कारखाने पुन्हा चालू झाले, भाव उतरले. आगाऊ रकमेची अट तशीच राहिली.

मंगळवार, १ डिसेंबर, सकाळी ८.३०

पर्जन्यमापकाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो. तेव्हा मोजायचं, रिकामं करायचं, पुन्हा ठेवायचं. नुंगमबाक्कमच्या वेधशाळेत डिसेंबरातल्या चोवीस तासांचा सर्वाधिक पाऊस १९०१ सालचा होता, २६१.६ मिलिमीटर. तो विक्रम ११४ वर्षं टिकला होता. त्याचे आता शेवटचे चोवीस तास उरले होते.

सकाळी १०.१५

"लोडिंग चालू आहे सार."

इरुंगाट्टुकोट्टै चेन्नईच्या पश्चिमेला, बंगळूर महामार्गावर. ह्युंदाईचा कारखाना तिथलाच. आसपास गोदामं आणि सुट्ट्या भागांचे कारखाने, थोडं पुढे श्रीपेरुंबुदूर. तिथून शहराकडे यायला लागलं की उजव्या हाताला चेम्बरम्बाक्कम तलाव लागतो. पूर्ण भरला की पाणी २४ फूट, साठा ३,६४५ दशलक्ष घनफूट. जास्तीचं पाणी अड्यार नदीत सोडतात. नदी मणपाक्कम, जाफरखानपेट, एक्काट्टुतांगल, सैदापेट करत समुद्राला मिळते.

म्हणजे माझा माल आणि तलावाचं पाणी शहराच्या एकाच बाजूनं निघणार होते, आणि दोघांच्या वाटेत माझं दुकान होतं. एक रस्त्यानं येणार, दुसरं नदीनं.

दुपारी १२.००

पाऊस थांबेना. गल्लीत घोट्याएवढं पाणी, तेही गटाराचं. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं शटर ओढलं. तंबीनं घरी जाऊ का विचारलं. त्याचं घर जाफरखानपेटला, नदीच्या अंगाला. ७२ खोकी एकट्यानं उतरवता येणार नव्हती. "गाडी येऊन गेली की जा," मी म्हणालो.

दुपारी २.००

चेम्बरम्बाक्कमचा विसर्ग २०,९६० क्युसेक करण्यात आला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर.

हा आकडा आणि ही वेळ पुढे वादाची झाली. २०१८ साली विधानसभेत मांडलेल्या अहवालात कॅगनं याच निर्णयावर बोट ठेवलं: तलावात अजून जागा होती, विसर्ग इतका वाढवायची घाई नव्हती. सरकारची बाजू अशी की मातीच्या बांधाला धोका पत्करता येत नाही, आणि नदीत आलेलं सगळं पाणी तलावाचं नव्हतंच. दुसरा मुद्दाही खरा आहे. तलावाच्या खालच्या अंगाला असलेली लहानमोठी तळी त्या दिवशी भरून वाहत होती, आणि त्यांच्या विसर्गाचा आकडा टीव्हीवर येत नव्हता.

दुपारी २.४०

टीव्हीच्या तळाशी पट्टी: अड्यारच्या काठावरच्या लोकांनी सुरक्षित ठिकाणी जावं. काठ म्हणजे कुठपर्यंत, ते पट्टीत नव्हतं. नदी माझ्या दुकानातून दिसत नाही.

दुपारी ३.२५

"गाडी निघाली, सार."

हे वाक्य मी या माणसाकडून पूर्वीही ऐकलं होतं. प्रत्येक वेळी गाडी गोदामातच उभी असे. म्हणून एलआरचा, म्हणजे लॉरीच्या पावतीचा, फोटो मागितला. पाच मिनिटांत व्हॉट्सअॅपवर आला: ७२ नग, गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा मोबाइल. ड्रायव्हरला फोन लावला. मागे वायपरचा आवाज येत होता. "पूनमल्लीच्या अलीकडे आहे. ट्रॅफिक."

या वेळी गाडी खरंच निघाली होती.

त्या अवघ्या महिन्यात माल न यायला सगळ्यात योग्य दिवस हाच होता. गाडी थांबवा, आज राहू दे, असं सांगायला एक फोन पुरला असता. पण सहा आठवडे ज्याची वाट पाहिली ते वाटेत असताना कुठला दुकानदार ते परत पाठवील? ४ तारखेपर्यंत संगणक बसले नाहीत तर ऑर्डर रद्द, असं क्लासनं लेखी कळवलं होतं.

संध्याकाळी ५.०५

साहुकारपेटहून काकांचा फोन. काका तिथे सोन्याच्या गलाईच्या धंद्यात. आमच्या विट्याकडची माणसं देशभर पसरली, त्यातलेच एक. त्यांची सासुरवाडी सांगलीवाडीची, त्यामुळे पुराचं त्यांना कळतं.

"पाणी सोडलंय म्हणं. किती फुटावर हाय नदी?"

"फूट नाही सांगत काका इथं. वीस हजार क्युसेक सांगतायत."

"क्युसेक घिऊन काय करू? फूट सांग."

सांगलीत आयर्विन पुलाला ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. पातळीचा आकडा कानावर पडला की कुठल्या गल्लीत पाणी येणार ते शाळकरी पोरगंही सांगतं, आणि माणसं त्या हिशेबानं गॅसची टाकी वरच्या मजल्यावर चढवतात. अड्यारसाठी असा आकडा माझ्या ओळखीत कुणालाच ठाऊक नव्हता. तलाव किती फूट भरला ते महिनाभर रोज पेपरात येत होतं. नदी किती फूट चढली की एक्काट्टुतांगलच्या कुठल्या गल्लीत शिरते, ते कुठंच नव्हतं.

काका म्हणाले, "माल उचलून ठेव." मी म्हणालो, "माल अजून यायचाय."

संध्याकाळी ६.००

तलावाचा विसर्ग २९,००० क्युसेकच्या दिशेनं वाढत गेला. २९,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाआठ लाख लिटरच्या आसपास. कॅगच्या नोंदीनुसार हा विसर्ग सलग २१ तास चालला.

त्याच सुमारास लॉरी पोरूर ओलांडून मणपाक्कमच्या रस्त्याला लागली होती. त्या रस्त्यावर नदीलगत एक मोठं रुग्णालय आहे. पुढच्या दोन दिवसांत तिथे पाणी शिरून वीज गेली, जनरेटर बंद पडले, आणि अतिदक्षता विभागातले १८ रुग्ण दगावल्याच्या बातम्या आल्या. लॉरीचा ड्रायव्हर तिथे चहाला थांबला होता. त्यानं मला तसं सांगितलं, उशीर का झाला म्हणून विचारलं तेव्हा.

संध्याकाळी ७.१०

लॉरी गल्लीच्या तोंडाशी आली. आत यायला ड्रायव्हर तयार नव्हता. ७२ खोकी प्लॅस्टिकखालून, साठ पावलं, गुडघ्याच्या थोड्या खाली असलेल्या पाण्यातून आणली. मी, तंबी आणि क्लीनर. एकही खोकं भिजलं नाही.

रात्री ८.०५

चलनावर सही केली. वर इंग्रजीत छापलेलं होतं: माल सुस्थितीत मिळाला. खाली तारीख, वेळ, दुकानाचा शिक्का.

१९३० च्या मालविक्री कायद्याचं २६ वं कलम असं आहे की, वेगळं काही ठरलेलं नसेल तर ज्याच्याकडे मालाची मालकी जाते त्याच्याकडे मालाची जोखीमही जाते. ७ वाजून १० मिनिटांपर्यंत पाऊस हा पुरवठादाराचा प्रश्न होता. ८ वाजून ५ मिनिटांनी तो माझा झाला.

ते ९ यूपीएस परत न्यायला ड्रायव्हरला सांगितलं. त्याच्याकडे परतीचा कागद नव्हता. "ऑफिसला फोन करा." केला. कुणी उचलला नाही.

रात्री ८.२०

तंबी घरी गेला.

रात्री ८.४०

खोकी कुठं ठेवायची? रॅक आधीच भरलेले. माळ्यावर रिकाम्या खोक्यांची भिंत. ती उतरवून ही चढवायला दोन माणसांना तास-दीड तास लागला असता, आणि दुसरा माणूस नुकताच गेला होता. कोपऱ्यात दोन लाकडी पॅलेट होते, पाच इंच उंचीचे. गल्लीतलं पाणी पायरीच्या दोन बोटं खाली. महिन्याभरात ते पायरीवर कधी चढलं नव्हतं.

पॅलेटवर सीपीयू खाली, त्यावर यूपीएस, सगळ्यात वर मॉनिटर. सर्वांत महाग वस्तू तळाला, कारण मॉनिटरवर वजन ठेवत नाहीत.

रात्री ९.१५

शटर ओढलं. दोन्ही कुलपं लावली.

रात्री ९.३०

मेट्रो चालू होती. ही लाइन जूनच्या अखेरीस सुरू झालेली, खांबांवरून जाणारी. एक्काट्टुतांगलहून अशोक नगरकडे जाताना गाडी अड्यार नदी ओलांडते. काचेवर पाऊस, बाहेर काळोख. मी मोबाइलवर क्लासचं बिल बनवत होतो. डब्यात कुणीतरी तामिळमध्ये म्हणालं, पुलाच्या कमानी दिसत नाहीत. कुणी उत्तर दिलं नाही. मी वडपळनीला उतरलो.

त्या रात्री विमानतळ बंद झाला. धावपट्टीवर पाणी होतं. तो ६ डिसेंबरला पुन्हा उघडला.

रात्री ११.५०

पुरवठादाराचा मेसेज: "डिलिव्हरी ओके सार? ७ तारखेला चेक टाकतोय."

बुधवार, २ डिसेंबर, पहाटे १.३० च्या सुमारास

वडपळनीत वीज गेली. मोबाइलची रेंज गेली. तंबीला लावलेला शेवटचा फोन वाजलाच नाही.

जाफरखानपेटमध्ये काय झालं ते त्यानंच नंतर सांगितलं. दीडच्या सुमारास पाणी उंबऱ्यात आलं. आईला उठवून ते समोरच्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर गेले. अडीचला खालच्या खोलीचं दार दिसत नव्हतं. गच्चीवर चाळीसेक माणसं होती. समोर अंधारात फ्रिज वाहत गेल्याचं त्यानं सांगितलं. पाण्यात पांढरं काही दिसलं ते तेवढंच. माझ्या दुकानापासून ती गच्ची चालत पंधरा मिनिटांवर, मध्ये नदी.

दुकानात पाणी कधी शिरलं ते कुणी पाहिलेलं नाही. भिंतीवरचं इलेक्ट्रिक घड्याळ ३.५२ ला थांबलं. ते साडेचार फुटांवर लावलेलं होतं.

सकाळी ८.३०

पर्जन्यमापक पुन्हा वाचले गेले. नुंगमबाक्कम २९४ मिलिमीटर. १९०१ चा विक्रम मोडला. मीनंबाक्कम ३४५. चेम्बरम्बाक्कम ४७ सेंटिमीटरच्या वर, तांबरम ४९.

'द हिंदू'चा अंक त्या दिवशी चेन्नईत निघाला नाही. छापखान्यात कामगार पोहोचू शकले नाहीत. १८७८ पासून असं प्रथमच घडलं. इरुंगाट्टुकोट्टैत ह्युंदाईनं उत्पादन थांबवलं.

शुक्रवार, ४ डिसेंबर, दुपारी

पाणी उतरलं. तंबी भेटला, अंगावर कुणाचा तरी मोठा शर्ट. शटर अर्ध्यावर अडकलं, ते दोघांनी पहारीनं उचललं.

भिंतीवरची रेघ सव्वापाच फुटांवर. पॅलेट तरंगून उलटले होते. २४ सीपीयू चिखलात. उघडून पाहिले तर मदरबोर्डवर नदीचा गाळ, बारीक, काळपट. मॉनिटरची खोकी लगद्यासारखी झालेली. नऊ बिघडलेले यूपीएस इतर चोवीस यूपीएसमध्ये मिसळलेले. कुठले आधीच बिघडलेले आणि कुठले आता, हे सिरियल नंबर पुसून पाहिल्याशिवाय कळत नव्हतं. माळ्यावरची सगळी रिकामी खोकी कोरडी होती.

क्लास ज्या इमारतीत होता तिचाही तळमजला गेला होता. ऑर्डर त्यांनी आपणहूनच रद्द केली.

सोमवार, ७ डिसेंबर

पुरवठादारानं चेक बँकेत टाकला. मी फोन केला. त्याचं म्हणणं असं की चलनावर सही आहे. त्या नऊ यूपीएसबद्दल म्हणाला, "पाण्यात गेलेला माल वॉरंटीत येत नाही, सार." दोन्ही म्हणणी कागदावर बरोबर होती. चेक वटला.

त्या पुरात आणि पावसात तामिळनाडूत चारशेहून अधिक माणसं गेली. त्यांच्यापुढे ५,२८,००० रुपये ही रक्कम सांगण्यासारखी नाही. सांगतो ती वेगळ्या कारणासाठी. विम्याचा सर्व्हेअर जानेवारीत आला. त्यानं चिखल पाहिला, फोटो काढले, मग पॉलिसी उलटून पाहिली. आपल्याकडे तेव्हा दुकानाच्या आगीच्या विम्यात वादळ, तुफान, पूर आणि पाणी भरणं यांचं मिळून एक कलम असे. विमेवाले त्याला 'एसटीएफआय' म्हणतात. ते वगळून घेतलं तर हप्ता थोडा कमी होई. माझ्या पॉलिसीत ते वगळलेलं होतं. नूतनीकरण करताना एजंट म्हणाला होता की नदी लांब आहे. दावा नामंजूर झाला.

दुकानदार मंडळींना एवढंच सांगणं: तुमची पॉलिसी आज काढा आणि 'वगळलेली कलमं' हे पान आधी वाचा. आणि पाऊस चालू असताना गाडी वेळेवर आलीच, तर सही करण्याआधी माल माळ्यावर चढवा.